पणजोबांचा एक खरा रंग

आमच्या लखनऊमधल्या इंदिरा नगरच्या घरात, टीव्हीच्या वर, माझे पणजोबा असतात. फौजी टोपी, पिळदार मिशा आणि ओठ असे लाल, जणू आत्ताच नाक्यावरचं पान खाऊन आलेत. खिशाच्या वर पदकाची इवलीशी फीत. केशरी, पांढरी, हिरवी. दर पंधरा ऑगस्टला आजोबा त्या फोटोला हार घालतात आणि मी लाडू खाते.

यंदा मी अकरावीत गेले. विज्ञान प्रदर्शनात माइक घेऊन सगळ्या शाळेसमोर बोलले आणि तेव्हापासून माझं तोंड बंदच होत नाही, असं आईचं म्हणणं आहे. तर हार घालून झाल्यावर मी म्हणाले, "आजोबा, एक मिनट. पणजोबा लढाईत गेले चव्वेचाळीस साली. तेव्हा राज्य कोणाचं? इंग्रजांचं. ते आपल्या शिपायाला तिरंगा लावू देतील? सवाल ही नहीं!"

"पूर्वा! जिभेला काही हाड?" आई स्वयंपाकघरातून ओरडली.

आजोबा चिडले नाहीत. उलट हसले. "बरोबर बोलतेय ती, विभा. तो तिरंगा मीच लावायला सांगितला."

बँकेतून बदली होऊन आजोबा साताऱ्याहून लखनऊला आले, तेव्हा त्यांनी हा फोटो हजरतगंजच्या एका स्टुडिओत मोठा करायला दिला होता. हातानं रंगवून मिळायचा तेव्हा. "रंगवणारा विचारतो, बाबूजी, फीता कौन से रंग का? मला काय ठाऊक! मी आईच्या पोटात होतो तेव्हा बाप लढाईवर गेला तो गेलाच. डोळे कसे, वर्ण कसा, सगळं अंदाजपंचे. म्हटलं, फौजी माणूस आहे, मार तिरंगा."

मी जिंकले होते, म्हणून टाळी मागायला हात पुढे केला. पण आजोबा फोटोकडे मान तिरकी करून बघत होते. हल्ली ते असंच बघतात, चिमणीसारखं. समोरचं त्यांना दिसत नाही, कडेचं दिसतं.

"डॉक्टर म्हणतात, राहिलेलंही जाणार. रंग तर मला आत्ताच विटके दिसायला लागलेत," ते म्हणाले. "पूर्वे, तुला एवढं कळतं तर शोध की गं. माझ्या बापाचा एक तरी रंग मला खरा बघायचाय. बघता येतंय तोवर."

टाळीचा हात मी हळूच मागे घेतला.

मोठ्या फोटोच्या मागे, त्याच फ्रेममध्ये, मूळचा छोटा फोटो जपून ठेवलेला होता. कृष्णधवल. इजिप्तमधल्या कुठल्याशा स्टुडिओत काढलेला. पणजोबांच्या डोळ्यांचा रंग आता जगात कोणीच सांगू शकणार नव्हतं. पण फीत? फितीचे रंग सरकारी, ठरलेले! एकदा पदक कळलं की रंग पक्का.

मी भिंग लावलं. करडी फीत, मधोमध जाड काळा पट्टा, डावीकडे एक बारीक गडद रेघ. उजवीकडे फोटोवर एक पांढरा ओरखडा. मग इंटरनेटवर त्या काळच्या सगळ्या फिती पालथ्या घातल्या. असा काळा पट्टा एकीलाही नाही. रविवार गेला, सोमवारची ट्यूशन बुडाली, आणि आजोबा दर जेवणाला नुसतं "काय, साहेब?" एवढंच विचारायचे.

"फोटोत काळं दिसतंय ते खरंच काळं असेल कशावरून?" आई म्हणाली. ती जानकीपुरमला औषधांच्या संशोधनात आहे, तिला सगळ्यावर संशय घ्यायची सवय. "जुन्या फिल्मला लाल रंग दिसायचाच नाही नीट. लाल ते काळं यायचं. आणि आकाशी यायचं पांढरं."

पुढची आयडिया मात्र माझी, हे लिहून ठेवते. वाढदिवसाच्या भेटीचा निळा जिलेटिन कागद होता, तो लाल रंग अडवतो म्हणून मोबाइलच्या कॅमेऱ्यावर ताणून धरला, कॅमेरा ब्लॅक-अँड-व्हाइट केला आणि लॅपटॉपवरच्या फिती एकेक करून त्यातून बघायला लागले. लाल सगळे धडाधड काळे! आणि मग एक फीत आली. करडी, मध्ये काळी, डावीकडे बारीक गडद रेघ. आणि उजवीकडे हुबेहूब तोच ओरखडा. तो ओरखडा नव्हताच! आकाशी रेघ होती!

"आई! सापडलं पदक! आफ्रिका स्टार! आफ्रिका स्टार!" खालच्या मजल्यावरची आंटीसुद्धा बाहेर आली.

शनिवारी आई आणि मी स्कूटरवरून सदर बाजारात गेलो. तिथे फौजी वर्दीचं सामान मिळतं. तिसऱ्या दुकानातल्या भैयांनी डबे उपसून उपसून एक तुकडा काढला. "ये तो अब कोई माँगता नहीं, बिटिया."

"हम माँगते हैं ना, भैया!"

घरी आजोबा खिडकीशी बसले होते. मी फीत त्यांच्या तळहातावर ठेवली आणि एकेका रेघेवर त्यांचं बोट नेलं. "ही वाळूच्या रंगाची, वाळवंट म्हणून. हा लाल पट्टा भूदलाचा, म्हणजे आपला. ही गडद निळी नौदलाची. आणि ही आकाशी, विमानांची."

मी पिन घेऊन त्यांच्या सदऱ्याला फीत लावायला गेले, उजव्या बाजूला.

"अगं, फोटोत तर डावीकडे आहे."

"स्वतः मिळवलेलं डावीकडे लावायचं, आजोबा. वडिलांचं असेल तर उजवीकडे. तसा रिवाज आहे, वाचलंय मी."

"वडिलांचं," आजोबा म्हणाले. मग पिन धरलेला माझा हात त्यांनी थांबवला. "थांब जरा. आधी बघू दे."

त्यांनी फीत उजेडात धरली आणि मान वळवून दुसरीकडेच, खिडकीबाहेरच्या गुलमोहराकडे बघितलं. तसं केलं की हातातलं त्यांना कडेनं दिसतं. खूप वेळ ते झाडाकडे बघत राहिले.

"लाल आहे गं," ते म्हणाले. "चांगला लाल आहे."