तिसऱ्या मालकाचं नाव

सर्जेकोटच्या त्या चिरेबंदी घराची पडवी घराहून मोठी. पहिले मालक गंगाराम सावकार यांनी ती मुद्दाम तशी बांधून घेतली. कीर्तनाला आलेलं माणूस अंगणात ताटकळत उभं राहू नये, एवढाच त्यांचा हट्ट. त्यांच्यामागे पुतण्या विसराम आला; तो तापाने गेला. मग दाजी तांडेलांनी घर घेतलं, तेही बायकोच्या, सुभद्राकाकींच्या नावावर. "दर्यार जाणाऱ्याचा काय खरा?" म्हणाले. मालक बदलले, पण कार्तिकातलं कीर्तन कुणी मोडलं नाही. देवाची कृपा, दुसरं काय!

१९५३ साली दाजी फतेमारी घेऊन मंगळूरला कौलं आणायला गेले ते परतलेच नाहीत. गलबताची एक फळीसुद्धा किनाऱ्याला लागली नाही. काकींनी कुंकू पुसलं नाही. नऊ वर्षं वाट पाहिली. एकटीने घर राखवेना, तेव्हा वेंगुर्ल्याला भावाकडे जायचं ठरवून त्यांनी ते रापणीचं जाळं ओढणाऱ्या लवूला विकलं.

कार्तिकातल्या एका सकाळी घरासाठी देवाला गाऱ्हाणं घालायला बाळा गुरव आले. त्या वाडीची रीत अशी की, घर सोडणाऱ्याने आधीच्या मेलेल्या मालकांची नावं आपल्या तोंडाने घ्यायची, म्हणजे ते नव्या माणसांना सांभाळतात. कागद कुणाच्याही नावावर असो, घरचा कर्ता तो मालक. एखादं राहिलं तर तो मालक घरात अडून बसतो म्हणे.

"अरे लवग्या, नारळ आसा तो, रापणीचो दोर न्हय! सैल धर," गुरव म्हणाले. सगळे हसले.

"गंगाराम," काकींनी सुरुवात केली; जमलेल्यांनी एका सुरात होकार दिला.

"व्हय म्हाराजा!"

"विसराम."

"व्हय म्हाराजा!"

काकींनी दर्याकडे पाहिलं.

"फुडे, काकी?" गुरवांनी विचारलं.

"फुडे कोण नाय. ते येतले. मेल्यांत तेंका कसा घालू?"

लवूची बायको आनंदी उंबऱ्याबाहेर उभी होती. सातवा महिना. आधीची दोन बाळं पाळण्यापर्यंतही पोचली नव्हती.  उंबऱ्याकडे पुढे केलेला पाय तिने मागे घेतला.

लवू घाईघाईने म्हणाला, "रवांदे, काकी. आमी बघू काय ता."

"तू गप. बघूचा तिका आसा, तुका न्हय," काकी आनंदीच्या पोटाकडे बघत म्हणाल्या.

काकींनी उभ्या जन्मात नवऱ्याचं नाव घेतलं नव्हतं. लग्नातला उखाणासुद्धा नणंदेने पुरा केला होता. त्यांनी पदर डोक्यावर ओढला, दर्याकडे पाठ केली आणि म्हणाल्या, "दाजी."

 'व्हय म्हाराजा' गुरव एकटेच म्हणाले. नारळ फुटला. आनंदी आत आली.

संध्याकाळी कीर्तनाला पडवी भरली. कीर्तनकार बुवांनी नमन धरलं. आनंदी करंडा घेऊन सवाष्णींना कुंकू लावत फिरली आणि काकींसमोर येऊन थांबली. काकींचं कपाळ मोकळं होतं.

"फुडे जा गो. माका न्हय आता."

आनंदी हलेना. मग तिने करंडा तिथेच खाली ठेवला, बुवांच्या तबकातला चिमूटभर बुक्का आणला आणि काकींच्या कपाळी लावला. बुक्क्याला कुणी परकं नाही. काकींनी डोळे मिटले.

अभंग रंगला, पडवीभर टाळ्या पडू लागल्या. काकींचे हात मात्र मांडीवरच राहिले.