जयराज काय म्हणाला

प्रांजलचं लग्न ठरलं त्या वर्षी, माघातल्या एका सकाळी, बनुबाईनं वांगी चिरता चिरता विळीच्या पात्यावर पाकीट धरलं आणि कडेनं सरळ चिरलं. वांग्याचा काळपट डाग पाकिटाला लागला. तो तिनं पदरानं पुसला, चष्मा नाकावर घेतला आणि ओठ हलवत वाचायला सुरुवात केली.

"वैनी, च्या हाय का?" धाकट्या दिरानं, दादासोनं, दारातून विचारलं. तिच्या हातातला कागद दिसला तसा तो उंबऱ्यावरूनच मागं फिरला आणि गोठ्याकडं गेला. त्या पत्रांच्या वेळी घरातल्या प्रत्येकाला असंच काहीतरी काम निघायचं.

पत्र कोल्हापूरच्या तुरुंगातून आलं होतं. लिहिणारा रविराज. अक्षर असं, की शाळेच्या फळ्यावर रोज सुविचार लिहायला ज्याला बोलावतात त्याचं असावं. 'पूज्य आई, शिरसाष्टांग नमस्कार. तुमचे गुडघे कसे आहेत? काळी म्हैस व्याली का? माझं मन तिथंच आहे.' बनुबाई हसली. म्हैस गाभण असल्याचं तिनं दिवाळीला कधीतरी लिहिलं होतं. ते त्यानं ध्यानात ठेवलं होतं. तो सगळंच ध्यानात ठेवायचा.

याच रविराजनं तिच्या एकुलत्या एका मुलाला मारलं होतं.

जयराज पाचगणीहून स्ट्रॉबेरी भरून टेम्पो सांगलीला आणायचा. त्या दिवशी त्यानं रविराजला वाटेत गाडीत घेतलं. घाट उतरल्यावर, वाईच्या पुढं, झाडाखाली गाडी लावून जयराज आडवा झाला. चाक खोलायची लोखंडी टॉमी सीटखाली होती. टेम्पो पुढं कर्नाटकात विकला गेला. पण लोकांना आजही सुन्न करते ती नंतरची गोष्ट. दुसऱ्याच दिवशी रविराज इस्लामपूरची एसटी धरून यांच्या गावात आला, जयराजचा दोस्त म्हणून. स्ट्रॉबेरीचे दोन खोके घेऊन. घरच्या माणसांबरोबर त्यानं गावोगाव जयराजचा शोध घेतला, पोलीस ठाण्यात भांडला, रात्री बनुबाईच्या हातची भाकरी खाल्ली. जयराजची सहा वर्षांची मुलगी प्रांजल त्याच्या मांडीवर बसून स्ट्रॉबेरी खात होती. देह सापडला तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं तोच रडला. "आई, मी हाय की तुमाला," असं म्हणाला आणि बनुबाईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. पंधरवड्यानं त्याला पकडून नेलं, तेव्हा जीपमध्ये बसताना त्यानं मागं वळून विचारलं होतं, की संध्याकाळचं जेवण कोण देणार.

संयोगितानं, जयराजच्या बायकोनं, त्या दिवसापासून घरात स्ट्रॉबेरी येऊ दिली नाही.

कोर्टात बनुबाईचा जबाब झाला. खाली अंगठा उठवताना तिला कळेना, वर काय लिहिलंय. घरी आल्यावर तिनं नवऱ्याला सांगितलं, "आवं, मला अक्षरं शिकवा." जोतीराम फौजेतून हवालदार होऊन आलेला. त्यानं का म्हणून विचारलं नाही. अंगणात पाटी धरून त्यानं बायकोला शिकवलं तेही कवायतीसारखं. "तुझा 'ळ' अजून विश्राममध्ये हाय. सावधान कर त्येला." पन्नाशी उलटलेली बनुबाई पदर तोंडाला लावून हसायची आणि 'ळ' परत काढायची. गेलेल्या मुलाच्या घरात तेवढंच काय ते हसणं होतं.

सरळ लिहिता येऊ लागलं तसं तिनं पहिलं पत्र लिहिलं ते रविराजला. एकच ओळ. 'माझा जयराज शेवटी काय म्हणाला.' डॉक्टरांनी सांगितलं होतं, की झोपेतच गेला, त्याला काही कळलं नाही. पण आईच्या समाधानासाठी डॉक्टर असं सांगत असतील, असं तिला वाटायचं. तिथं दुसरं तर कुणी नव्हतं. जोतीरामला पत्राचं कळलं तेव्हा तो दिवसभर जेवला नाही. दुसऱ्या दिवशी बाजारातून येताना त्यानं तिला एक चांगलं पेन आणि कोरी पाकिटं आणून दिली, आणि तेव्हापासून तिचं प्रत्येक पत्र तोच पेटीत टाकून येत होता.

उत्तर आलं. मग येतच राहिलं. वर्षातून एकदा तरी ती तोच प्रश्न विचारायची आणि तो दर वेळी नवं काही सांगायचा. जयराजनं पाणी मागितलं होतं. जयराज म्हणाला होता, माझ्या आईला जप. जयराज गाडी चालवताना गाणी म्हणायचा, आईच्या हातच्या अंबाडीच्या भाजीची आठवण काढायचा. आपण काय केलं ते मात्र रविराज कधी लिहायचा नाही. 'ती घटना' म्हणायचा. 'ती घटना घडली नसती तर आपली ओळख झाली नसती,' असंही एकदा त्यानं लिहिलं होतं.

आणि आता त्याच्या सुटकेचा कागद निघाला होता. शिक्षेची चौदा वर्षं भरली होती. मयताच्या घरच्यांचं म्हणणं हवं म्हणून पोलीस पाटील राजवर्धन दोनदा येऊन गेला होता. जोतीरामनं त्याला सांगितलं, "आमच्या घरात ह्ये हिला ठरवू द्या. आठ दिवसांनी या." बनुबाईनं रविराजला प्रांजलचं लग्न कळवलंय हे संयोगिताच्या कानावर गेलं होतं, आणि तेव्हापासून ती सासूच्या ताटात भाकरी वाढायची ती मान वर न करता.

बनुबाईनं त्याला लिहिलं होतं, 'कागद माझ्या हातात आहे. एकदाच खरं सांग, जयराज काय म्हणाला. खरं सांगितलंस तर सोडा म्हणून लिहीन.'

विळीवर चिरलेल्या पाकिटात त्याचं उत्तर होतं. तिनं ते शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली आणि राहिलेली वांगी चिरून टाकली.

दुपारी संयोगिता शिलाई मशीनवर प्रांजलचे ब्लाऊज शिवत होती. बनुबाई तिच्याजवळ जाऊन खाली बसली आणि पत्र तिच्यापुढं धरलं.

"वाच. मोठ्यानं."

संयोगितानं आजवर त्यातल्या एकाही कागदाला हात लावला नव्हता. तिचा पाय मशीनच्या पायडलवर तसाच थांबला. मग तिनं कागद घेतला आणि कोरड्या आवाजात वाचू लागली. गुडघे, म्हैस. मग पत्रात प्रांजलचं नाव आलं. 'प्रांजलच्या लग्नात वडिलांच्या जागी मी उभा राहीन. तो माझा मान आहे.' संयोगितानं कागद मांडीवर ठेवला. बनुबाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"फुडं वाच."

"'आई, आज देवाला स्मरून खरं सांगतो. जयराजनं माझा हात घट्ट धरला. डोळ्यांत पाणी होतं. आई, आई, असं दोनदा म्हणाला आणि...'"

संयोगिता थांबली. तिनं ती ओळ मनात परत वाचली. मग सासूकडं पाहिलं. कितीतरी दिवसांनी सरळ पाहिलं.

"आत्या, ह्यांनी तुमास्नी आई कवा म्हटलं?"

"कवाच न्हाई."

बनुबाई थोरली सून म्हणून या घरात आली तेव्हा तीन दीर लहान होते. दिवसभर घरात 'वैनी, वैनी' चालायचं. ते ऐकत जयराज बोलायला शिकला आणि तोही आईला वैनीच म्हणू लागला. बोबडा होता तेव्हा 'वयनी', मोठा झाल्यावर 'वैनी'. लोक हसायचे, त्याला त्याचं काही नव्हतं. रविराजनं या घरात 'वैनी' ऐकलं ते दिरांच्या तोंडून; जयराजही तसंच म्हणायचा, हे त्याला कळायचं कारण नव्हतं. तो या घरात आला तो जयराज गेल्यावर.

"तुमास्नी ह्ये म्हायती व्हतं?"

"पयल्या पत्रापासनं. त्यातबी त्येचा जयराज आईच म्हणाला व्हता." बनुबाईनं चष्मा काढून पदरानं पुसला. "म्हैस लिवली, गुडघं लिवलं, पोरीचं लगीन लिवलं. ते लिवाय नगं व्हतं, चुकलं माझं. पर जयराज मला काय म्हणायचा, ते त्येला कवा लिवलं न्हाई. तेवढं हाती लागलं असतं, तर फुडच्या पत्रात त्येनं वैनीच लिवलं असतं."

"मग तुमी येवढी वर्सं लिवत का ऱ्हायलासा?"

बनुबाईनं मशीनचं थांबलेलं चाक बोटानं हळूच फिरवलं.

"त्येच्या पत्रात जयराज गाडी चालवतुया. गाणी म्हणतुया. भाजी मागतुया. घरात कोण त्येचं नाव काढतंय, सांग. तू न्हाई, तुझं मामंजी न्हाईत, भावजी तर कागद दिसला की गोठ्यात. मला वाटायचं, खोटा का असंना, कोण तरी त्येच्याबद्दल बोलतंय."

पत्राची घडी संयोगिताच्या बोटांत उघडत-मिटत होती. मग तिच्या तोंडून एकदम निघालं, "गाणी? ह्ये कवा गाणी म्हणत व्हते? शीळ घालायचे. तीबी अशी बेसूर, की बैल थांबायचे."

बनुबाईनं तिच्याकडं पाहिलं. तिला आधी हसू फुटेना, मग आवरेना.

"आन् अंबाडीची भाजी," संयोगिता डोळे पुसत म्हणाली, "ताटात पडली की माझ्या ताटात सारायचे. तुमी बघायच्या आत."

"मला दिसायचं ते."

दारात जोतीराम येऊन उभा राहिला होता. किती वेळ, कुणास ठाऊक. फौजी माणूस, दाराच्या चौकटीला हात लावून सरळ उभा. तो म्हणाला, "शीळ मीच शिकवली व्हती त्येला. मलाबी येत न्हवती." आणि मग तो आत येऊन खाली बसला. दादासो चहाचं विचारायला आला, त्यालाही कुणी परत जाऊ दिलं नाही. त्या दुपारी ब्लाऊज शिवून झाले नाहीत. संयोगिता सांगत होती, दादासो तिला मध्येच तोडून 'तसं न्हवं' म्हणत होता, आणि बनुबाई भिंतीला पाठ लावून एकेक गोष्ट ऐकून घेत होती.

राजवर्धन पाटील ठरल्या दिवशी आला. त्यानं जुन्या सवयीनं शाईचं पॅड काढून ठेवलं. बनुबाईनं ते बोटानं बाजूला सारलं आणि पेन हातात घेतलं. आतल्या खोलीत तिनं एक पुडकं बांधून ठेवलं होतं. त्यात जाड घोंगडं होतं. मागच्या थंडीत रविराजनं मागितलेलं. ते आजच्याच फेरीला इस्लामपूरला टपालात टाकून या, असं तिनं जोतीरामला सांगितलं होतं.

"घोंगडं कशाला?" राजवर्धननं विचारलं.

"थंडी हाय की अजून," ती म्हणाली. "त्येला तरी कोण हाय?"

मग तिनं मान खाली घातली आणि ओठ हलवत लिहायला लागली. 'ळ' सावधान उभा राहिला. कागदावर तिनं लिहिलं:

'रविराजला सोडू नये. तो बाहेर आला तर आमच्या घरी येईल. माझा मुलगा जयराज हा १२ मार्च २०१० रोजी, शुक्रवारी, दुपारच्या वेळी, झोपेत मारला गेला. मरताना तो काही म्हणाला नाही.'