गादीवर कोण बसणार

झिमासाच्या आईचं शव सकाळी घरी येणार होतं. मोठ्या खोलीतलं सामान बाहेर काढून भिंतीशी गादी घातली होती. दफन होईपर्यंत त्या गादीवर विधवेनं बसायचं, येणाऱ्यांनी तिच्यापुढे प्रार्थना म्हणायची, अशी रीत. गादी रिकामी होती.

थेंबेका मागच्या अंगणात कोबी चिरत होती. आठ वर्षांपूर्वी आईनं तिच्याशी कायदेशीर लग्न केलं, दोघींनी मिळून माताटिएले गावाजवळ हे घर बांधलं. त्याच घरात वुयिसिलेमामानं तिला, "पाहुण्यांनी जरा हात लावावा," म्हणून मागं पाठवलं होतं.

आईच्या आजारपणात मामा एकदाही फिरकला नव्हता. मरणाला मात्र पहिल्या बसनं आला आणि गोठ्यातला कुठला बैल कापायचा ते ठरवून मोकळा झाला. जिवंत बहिणीला पाणी न विचारणारा माणूस मेलेलीची पंगत वाढायला किती तत्पर असतो, हे झिमासा बघत होती.

"मामा, गादीवर थेंबेकाआईला बसू द्या."

"कुठल्या नात्यानं?"

"बायको आहे ती."

मामा बाकावरच्या म्हाताऱ्यांकडं बघून हसला. "शिकलीस ना, पोरी? सरकारचा कागद सरकारात चालतो. पूर्वजांना वाचता येत नाही."

म्हातारेही हसले.

"तुला तरी कुठं येतं," कोपऱ्यातून नोसाखेले म्हणाली. मामाची ती सख्खी आत्या. "पण ऊब कळते ना? हा कोट कुणी दिला?"

मामानं खाली बघितलं. काळा लोकरी कोट. थेंबेकाची माणसं मागणी घालायला आली तेव्हा वधूमूल्याच्या गुरांबरोबर आणलेला, वधूच्या बापाचा मान. आईचा बाप हयात नव्हता म्हणून तो मामानं घेतला होता. जुलैच्या, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्याच्या, थंडीत तोच चढवून तो हे लग्न नाकारायला आला होता आणि त्याच्या ते गावीही नव्हतं.

"कोट म्हणजे काय, आत्या, कोटच."

"मग काढ. लग्न नाही, तर मान कसला? गुरं पोटात गेली, ती मागत नाही."

म्हातारे आता मामाकडं बघत होते. मामानं वरचं बटण लावलं.

"बैल बघून येतो," म्हणाला आणि बाहेर पडला.

झिमासा अंगणात गेली. थेंबेकाच्या हातातली सुरी तिनं काढून घेतली.

"काय म्हणाला?"

"त्याला थंडी वाजते."

थेंबेकानं हात धुतले. ती गादीवर बसली, नोसाखेलेनं तिच्या खांद्यावर काळं ब्लँकेट घातलं. पहिली शेजारीण आली. सांत्वन कुणाचं करायचं, हे तिला विचारावं लागलं नाही.