दर रविवारी मी आडवी होते

मी मोटारसायकल बोलतेय. वयानं तिशी ओलांडलेली, अंगानं सडपातळ आणि चालीत किंचित लंगडी. लंगडी म्हणजे मोडकी नव्हे हं! माझे दोन सिलिंडर खाली पाय जुळवून वर फाकलेले आहेत, इंग्रजी व्ही अक्षरासारखे. त्यामुळे माझे ठोके सारखे पडत नाहीत. धड-धडड, धड-धडड. जन्मापासूनची सवय.

माझे मालक घड्याळं दुरुस्त करतात. मला घरी आणलं आणि माझा ठोका ऐकून त्यांच्या कपाळाला आठीच पडली. तीन रविवार डोळ्याला भिंग लावून माझा कार्ब्युरेटर उघडला, पुसला, बसवला. ठोका काही सरळ होईना. चौथ्या रविवारी वैतागून मला टेकडीच्या वळणापर्यंत नेलं आणि परतले ते शीळ घालतच. "दुकानात शंभर घड्याळं शिस्तीत चालतात," म्हणाले, "एक तरी आपल्या मनानं चालू दे."

जाडजूड गाड्या शेजारून सुसाट गेल्या, तरी मला कधी हेवा वाटला नाही. अरुंद बोळातही मालक मला सहज वळवून घेत.

यंदा त्यांनी सत्तरी गाठली, गुडघे कुरकुरू लागले. त्यांची लेक हॉस्पिटलात नर्स आहे. तिनं निक्षून सांगितलं, "बाबा, गाडी पडली तर एकट्यानं उचलता आली पाहिजे. नाही आली, तर विकायची. रविवारी बघू."

शनिवारी मालकांनी गुपचूप माझी टाकी रिकामी केली, बॅटरी काढून कपाटात दडवली. तेवढंच दहा-अकरा किलो वजन कमी!

रविवारी लेकीनं अंगणात जुनी गादी टाकून मला आडवं केलं. मालकांनी दातओठ खाऊन मला उभं केलं. मी हरखून गेले.

"छान. आता चालू करा," लेक म्हणाली.

किल्ली फिरली, पण दिवा लागेना. तिनं टाकीचं झाकण उघडून आत पाहिलं. मालक स्वतःच्या चपलांकडे बघत राहिले.

"बाबा, मला फसवलंत?"

"अगं, ही गेली तर मी रविवारी करू काय?"

मग तिनंच पेट्रोल ओतलं, बॅटरी बसवायला लावली आणि मला पुन्हा निजवलं. "कंबरेनं नाही उचलायचं. सीटला पाठ टेका, गुडघे वाकवा, पायांनी रेटा. पेशंट उठवताना आम्हीही पायांचाच जोर लावतो."

पहिल्यांदा मी हललेच नाही. दुसऱ्यांदा अर्धी उठून परत कलंडले. तिसऱ्यांदा लेक ओठ चावत, हात मागे घट्ट धरून उभी राहिली, आणि मी उभी झाले. भरल्या टाकीनिशी!

आता दर रविवारी आधी गादीवर आडवं व्हायचं, मालकांनी उचललं तरच फेरी. एखाद्या रविवारी जमणार नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे. त्या दिवसाचं त्या दिवशी बघू. आज जमलंय, आणि लेक स्वतःच हेल्मेट घालून मागे बसलीय. "टेकडीच्या वळणापर्यंतच हं बाबा, आणि हळू."

तेव्हा मंडळी, रस्त्यात माझा लंगडा ठोका कानावर आला, तर दुरुस्त करायला धावू नका. आम्हाला जाऊ द्या.