पाठीमागची दुआ

वाचकहो, चहाच्या सुट्टीत चारजणी डोक्याला डोकं लावून बसल्या असतील, तर पाचवी तिथे नाही आणि विषय तिचाच चाललाय, हे डोळे मिटून सांगावं! मग ते ऑफिस असो, शाळा असो, नाहीतर आपल्या गोष्टीतला कारखाना असो.

हा कारखाना शाळेचे गणवेश शिवणारा. एक लांबलचक खोली, दोन्ही बाजूंना शिवणयंत्रांच्या रांगा आणि पार टोकाला, खिडकीपाशी, कापड कापायचं मोठं टेबल. मधल्या रांगेतल्या तिसऱ्या यंत्रावर एक बाई अकरा वर्षं फक्त काजं करत होती. एका सदऱ्याला सहा काजं. दिवसभरात किती सदरे, ते मोजायचं तिनं कधीच सोडून दिलं होतं. सगळ्या तिला टाचणी म्हणत. अंगानं बारीक म्हणून, आणि बोलणं टोचणारं म्हणूनही! तिचा एखादा टोमणा सुटला की बायका इतक्या खदखदायच्या की कुणाची ना कुणाची टीप वाकडी जायचीच.

त्या दिवशी विषय होता नवी. नवी म्हणजे तीन महिन्यांपूर्वी लागलेली बाई. कुणात मिसळायची नाही, खालमानेनं शिवायची, मास्तरांच्या हाताखाली थोडी कापणी करायची आणि चहासुद्धा आपल्या यंत्रापाशीच प्यायची.

"वशिल्याचं तट्टू आहे ते," टाचणी म्हणाली. "नाहीतर अशी वाकडी कापणी करणारीला मास्तर टेबलाजवळ तरी फिरकू देतील का? कालची बाही बघितलीत? कापड कापलंय की उंदरानं कुरतडलंय, तेच कळेना!"

हशा पिकला. शेजारची ओव्हरलॉकवाली, कापडाच्या कडा पक्क्या करणारी, ती तर हसून हसून ठसकली.

तेवढ्यात मास्तर आले. कापणीचं टेबल गेली तीस वर्षं त्यांचंच होतं. "महिनाअखेरीला मी लेकीकडे जातोय, कायमचा," ते म्हणाले. "टेबल कुणाला द्यायचं ते शनिवारी ठरवू. कापणी येते दोघींना, टाचणीला आणि नवीला. दोघींनी एकेक सदरा आखायचा, कापायचा. जिचे तुकडे नीट जुळतील, तिचं टेबल."

टाचणीनं लगेच खिडकीजवळच्या त्या टेबलाकडे बघितलं. अकरा वर्षं त्या बारीक काजांनी तिच्या डोळ्यांचं पार भुस्कट केलं होतं. खिडकीचा उजेड, उभ्यानं करायचं ऐटबाज काम, आणि सगळ्यांनी 'मास्तरीणबाई' म्हणून हाक मारायची! हे तिचं जुनं स्वप्न, त्यासाठी ती घरी कापणीही शिकली होती. आणि आता मध्ये कोण, तर नवी.

घरी आल्या आल्या तिनं सासूला गाठलं. सासूबाई म्हणजे अम्मी. रोज संध्याकाळी पुढच्या खोलीत गल्लीतल्या पोरांना कुराण वाचायला शिकवायच्या. पोरं नुकतीच गेली होती आणि अम्मी चटया गुंडाळत होत्या.

"अम्मी, माझ्यासाठी दुआ करा. शनिवारपर्यंत रोज करा. जरा जोरात करा!"

"जोरात कशाला? अल्लाहला कमी ऐकू येतं होय गं?" अम्मी हसल्या. "करते मी. पण तुला एक गंमत सांगू? आपण एखाद्यासाठी त्याच्या पाठीमागे दुआ केली ना, त्याला न कळता, की आपल्या डोक्याशी एक नेमलेला फरिश्ता असतो, तो म्हणतो, आमीन, आणि तुलाही तसंच मिळो. पैगंबरसाहेबांनी सांगितलंय."

टाचणीचे डोळे लकाकले. "म्हणजे मी नवीसाठी टेबल मागितलं, तर फरिश्ता माझ्यासाठी टेबल मागणार?"

"अगं, मी काय सांगतेय आणि तू..."

पण सूनबाई केव्हाच हातपाय धुवायला पळाली होती! नमाज झाली तशी तिनं हात उचलले आणि पुटपुटायला लागली. "या अल्लाह, नवीला कापणीचं टेबल..." आणि गप्पकन थांबली. ही दुआच कबूल झाली तर? नवीला खरंच टेबल मिळालं तर? छे छे! तिनं घाईघाईनं वाक्य वळवलं. "नवीला... नवीला दात चांगले मिळोत!"

मागे अम्मी पोट धरून हसत होत्या. "मग तुलाही दातच मिळतील, बाई! शनिवारी कापड काय दातांनी फाडणार आहेस?"

टाचणी ओशाळली. हसूही आलं. तिथेच चटईवर बसत म्हणाली, "पण अम्मी, फरिश्त्याला आपल्या मनातलं कुठे कळतंय? तो आपला आमीन म्हणून मोकळा होईल."

"फरिश्ता म्हणजे तुमच्या कारखान्यातला कारकून वाटला का तुला, वशिल्यानं काम करणारा?" अम्मी तिच्याजवळ टेकल्या. "अल्लाहनं त्यांना नूरापासून घडवलं, उजेडापासून. त्यांना भूक नाही, तहान नाही, दमणं नाही. ज्याला जे काम नेमून दिलं, तो तेच करतो. जिब्रीलनं पैगंबरांकडे अल्लाहचा संदेश आणला. मिकाईलकडे पावसाचं काम. आपल्या दोन्ही बाजूंना बसलेले दोघं आपलं बरंवाईट लिहून ठेवतात. पण त्यांच्याकडे कुणी काही मागायचं नसतं. देणारा एकटा अल्लाह. आणि मनातलं म्हणशील, तर ते त्याला सगळं कळतं."

"म्हणजे पकडले गेले मी."

"कधीच! बरं, एक सांग. फरिश्त्याला कुणाचा हेवा वाटतो का?"

"कसा वाटेल? उजेडाला काय हेवा!"

"तेच तर! त्याला दुसऱ्याचं भलं चिंतायला काही कष्ट नाहीत. आपल्याला हेवा वाटतो, राग येतो, जळफळाट होतो. आणि तरीही जो दुसऱ्यासाठी मागतो, त्याची दुआ मोलाची. म्हणून तर तिला आमीन म्हणायला फरिश्ता नेमलाय! आता मला सांग, त्या बाईला काय हवंय?"

"टेबल."

"ते तुला हवंय. तिचं काय अडलंय? कशानं दुखतंय तिचं?"

टाचणीनं आठवून बघितलं. तीन महिने जिच्याबद्दल ती रोज बोलत होती, तिच्याबद्दल तिला एक अक्षरही ठाऊक नव्हतं!

दुसऱ्या दिवसापासून टाचणी नवीकडे बघायला लागली. आधीही बघायचीच म्हणा, पण चुका शोधायला. आता नुसतं बघत होती. आणि काय दिसावं! नवीच्या यंत्रावरून दोऱ्याचं एक बॉबिन घरंगळलं, तर तिनं ते खाली पडायच्या आत झेललं, डाव्या हातानं. सुईत दोरा ओवला, डाव्या हातानं. मग आपल्याकडे कुणी बघत नाही असं समजून तिनं खडू डाव्या हातात घेतला आणि कापडावर सदऱ्याची आखणी केली. वाचकहो, काय ती आखणी! गळ्याचा गोल एका दमात, कुठे थरथर नाही. मास्तरांनीसुद्धा बोट तोंडात घालावं अशी! आणि मग तिनं कात्री उचलली, उजव्या हातात. झालं. कात्री अडखळायला लागली आणि रेघ सोडून भलतीकडेच निघाली.

चहाच्या सुट्टीत ओव्हरलॉकवालीनं कोपर मारलं. "काय गं टाचणी, आज टोक बोथट झालं का? नवीचं काही नवीन?"

"डोकं दुखतंय," टाचणी म्हणाली. कप उचलून ती आपल्या यंत्रापाशी गेली.

गुरुवारी तिनं शनिवारसाठी आपली कात्री धार लावायला नेली. धारवाल्याचं दुकान म्हणजे एक फिरणारा दगड आणि भिंतभर खिळे. तो चाकाशी गुंग होता म्हणून टाचणीनं वेळ घालवायला खिळ्यावरची एक मोठी कात्री काढली आणि चिंधीवर चालवून बघितली. कात्री बोटांत बसेना. अंगठ्याला कड रुतायला लागली. पाती चिंधी कापायची सोडून तिला चिमटीत धरून दुमडत होती. रेघ दिसावी म्हणून मान कितीही वाकडी केली तरी पातंच आड येत होतं.

"अहो, ही कसली भिकार कात्री!"

"भिकार नाही हो, उलटी आहे," धारवाला हसला. "डावखुऱ्यांची. एका शिंप्यानं धार लावायला टाकली, तो गाव सोडून गेला. धार अगदी पक्की आहे. पण तुमच्या उजव्या हाताला ती कशी दाद देणार?"

टाचणी अंगठ्यावरच्या लाल वळाकडे बघत राहिली. एका चिंधीत ही गत! आणि नवी तीन महिने रोज हेच सोसतेय, उजव्यांची कात्री डाव्या हाताला चालेना म्हणून ती चुकीच्या हातात धरून. वर आपण काय म्हणालो? उंदरानं कुरतडलंय!

तिनं उलटी कात्री मुकाट्यानं खिळ्याला लावली, आपली घेतली आणि बाहेर पडली. मनात एक आवाज म्हणत होता, जाऊ दे ना. नुसतं न सांगणं म्हणजे काही खोटं बोलणं नाही. टेबल तर आता हातात आल्यातच जमा आहे! दोन दुकानं गेली, तीन गेली. चौथ्या दुकानापाशी तिची चाल मंदावली. चालता चालताच तिच्या तोंडून निघालं, "या अल्लाह, तिची कापणी सरळ होऊ दे." या वेळी वाक्य वळवलं नाही. या वेळी फरिश्ता आमीन म्हणाला की नाही, आपल्याला काय मिळणार, हे तिच्या मनातही आलं नाही.

आणि मग ती स्वतःवरच चिडली. अगं वेडे, दुआ मागतेस आणि ज्यानं काम होईल ते खिळ्याला टांगून येतेस!

ती धावत परत गेली.

"घेऊन जा हो," धारवाला म्हणाला. "इथे नुसतीच गंजायची. चालू द्या कुणाच्या तरी हातात."

शुक्रवारी सकाळी, बाकीच्या यायच्या आत, टाचणीनं ती कात्री नवीपुढे ठेवली. "डाव्या हातात धरून बघा."

नवीनं चटकन डावा हात पदराखाली घेतला. "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"कुणी नाही. मी बघितलं."

नवीनं दाराकडे एक नजर टाकली. मग हळूच म्हणाली, "लहानपणी डावा हात पुढे आला की फटका बसायचा. जेवताना उजवा, ते ठीकच आहे हो, ते मी आनंदानं शिकले. पण खडू, सुई, सगळ्यालाच फटका! हात बदलला, पण कात्रीनं काही ऐकलं नाही." तिनं भीत भीत कात्री डाव्या हातात घेतली आणि एका तुकड्यावर चालवली. सर्रर्र! तुकडा असा सुटला, जणू लोण्यातून सुरी!

नवीचे डोळे भरून आले. मग एकदम तिला काहीतरी आठवलं. "पण उद्या तर आपल्या दोघींची... हे तुम्ही मला का देताय?"

"कारण मी तीन महिने तुमच्यामागे वाटेल ते बोलले," टाचणीनं एका दमात सांगून टाकलं. "वशिला म्हणाले, उंदीर म्हणाले. मला माफ करा. आणि उद्या मी काही तुम्हाला सोडणार नाही हां! जीव तोडून कापणार आहे!"

नवी रडता रडता हसली.

शनिवारी दोघींनी कापलं. टाचणीचं काम सुरेखच झालं. पण मास्तरांनी तुकड्यावर तुकडा ठेवला तेव्हा तिची एक बाही दोरभर मोठी निघाली. नवीच्या दोन्ही बाह्या अशा जुळल्या की बोट फिरवूनही कड लागेना. "टेबल नवीचं!" मास्तर म्हणाले.

टाचणीच्या काळजात कळ उठली. का उठू नये? माणूस आहे ती, फरिश्ता नव्हे! ती यंत्रापाशी जाऊन बसली. चहाच्या सुट्टीत बायका तिच्याभोवती गोळा झाल्या, तिचं सांत्वन करायला. म्हणजे कसं, तर नेहमीसारखं.

"बघितलंस? वशिला!" ओव्हरलॉकवाली फुसफुसली. "तीन महिने वाकडी आणि एका दिवसात सरळ? काहीतरी काळंबेरं आहे!"

सगळ्या टाचणीच्या तोंडाकडे बघायला लागल्या. आता कसला झणझणीत टोमणा येतो!

टाचणी उठून उभी राहिली. "वशिला नाही," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "ती गोष्ट मीच रचली होती, माझ्या जळफळाटापायी. ती डावखुरी आहे. आपण तिला एकदा तरी विचारलं होतं का? तिनं टेबल हातांच्या बळावर मिळवलंय. यापुढे माझ्यासमोर तिच्यामागे कुणी काही बोललं तर गाठ माझ्याशी आहे!"

ओव्हरलॉकवालीनं मान खाली घातली, कपाळाला हात लावला. "बाई गं, हसायला तर मीच सगळ्यात पुढे होते," ती म्हणाली आणि आपला चहाचा कप उचलून नवीच्या शेजारी जाऊन बसली.

दुपारच्या नमाजाच्या वेळी टाचणी कापडांच्या ताग्यांमागून जात होती. पलीकडे नवी हात उचलून दुआ मागत होती. आपल्याला कुणी ऐकतंय हे तिला माहीत नव्हतं. "या अल्लाह, त्या ताईंच्या डोळ्यांना आराम दे. संध्याकाळी त्या डोळे चोळत घरी जातात, कुणाला सांगत नाहीत. त्यांच्या घरात बरकत दे."

टाचणी जागच्या जागी थबकली. डोळ्यांचं तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, अगदी अम्मींनाही नाही! म्हणजे नवीसुद्धा तिच्याकडे बघत होती. फक्त तिनं बघून टोमणा मारला नव्हता. ताग्यांना टेकून टाचणी पोटभर रडली आणि हसली. टेबल गेलं होतं, पण अकरा वर्षांत पहिल्यांदाच या खोलीत कुणीतरी तिच्या पाठीमागे तिचं नाव चांगल्यासाठी घेतलं होतं!

वाचकहो, जो समोर नसतो तो स्वतःची बाजू मांडू शकत नाही. म्हणून त्याच्यामागे आपण काय बोलतो, त्यावरच आपली खरी पारख होते. निंदेला काही लागत नाही, नुसती जीभ पुरते. भलं चिंतायला मात्र आधी त्या माणसाकडे नीट बघावं लागतं, त्याचं काय दुखतंय ते जाणून घ्यावं लागतं, आणि कळल्यावर नुसते हात उचलून भागत नाही, ते कामाला लावावे लागतात. फरिश्ते उजेडाचे असतात, त्यांना ते सोपं आहे. आपण मातीचे. पण उद्या चहाच्या सुट्टीत कुणाच्या मागे काही बोलायची वेळ आली, तर एक चांगलं वाक्य बोलून बघा. मातीच्या माणसालाही ते जमतं!