बाबांचा स

वरचे समोरचे दोन दात एकमेकांना असे खेटून बसले होते की मधून कागदसुद्धा जाऊ नये – गुलाबी मेणात रुतलेले, पांढरे, सरळ – आणि ती अजून कच्ची, मेणातली कवळी खिडकीकडे धरून तिने एक डोळा मिटून पाहिली आणि स्वतःशीच म्हणाली, झक्कास! दुसरं कुणी म्हणेल म्हणून कशाला थांबायचं? कवळ्या करण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. हे दवाखान्याला ठाऊक होतं, तिला तर होतंच, आणि देवालाही असणार, कारण काम करताना ती त्याच्याशीच बोलत असे.

दवाखान्याच्या मागच्या या खोलीत माणसं येत नसत, त्यांचे प्लास्टरचे जबडे तेवढे येत. त्यांच्यावरून तिला माणूस कळायचा, किंवा कळला असं वाटायचं. या बाईंना पुन्हा काहीतरी कुरकुरीत खाता येऊ दे. हा झोपेत दात खातो, बघ किती झिजलेत, कसली काळजी आहे याला ती काढून घे. जबडा हातात आला की प्रार्थना ओठावर यायची, आपसूक, शिंक यावी तशी. आजच्या, बाबांच्या कवळीपाशी मात्र गेला महिनाभर एकच वाक्य अडून बसलं होतं – बाबांना पुन्हा प्रार्थना करायला लाव. लावच. हुकूम वाटतो? वाटू दे. स्वर्गातल्या बापाजवळ हट्ट नाही करायचा तर कुणाजवळ करायचा?

बाबा सकाळी मोठ्याने प्रार्थना करायचे. आधी स्तुती, मग माणसं, एकेकाचं नाव घेऊन. घराचा नियमच होता तो – चहा गार झाला तरी चालेल, नाव गाळायचं नाही. पोस्टमनचे गुडघे, समोरच्या घरातला दारू सोडू पाहणारा मुलगा, कोपऱ्यावरचा न्हावी, ज्याच्याशी बाबांचं कधी पटलं नाही आणि ज्याच्यासाठी म्हणूनच जरा जास्त वेळ… आई गेल्यावरही तिचं नाव पहिलंच राहिलं. तिच्यासाठी मागण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, म्हणून नुसते आभार. आईच्या नावात दोन ‘स’ होते.

आणि मग शेवटचे दात काढल्यानंतरचा तो रविवार. चर्चच्या उपासनेत मध्यस्थीची, म्हणजे इतरांसाठी मागायची, प्रार्थना नेहमीसारखी बाबांचीच होती. ते उभे राहिले, आजाऱ्यांची नावं घेऊ लागले, आणि प्रत्येक ‘स’चा ‘फ’ होऊ लागला. मागच्या बाकावरून कुणीतरी फिसकन हसलं. बाबा थांबले नाहीत, शेवटपर्यंत गेले, आमेन म्हणाले, बसले – आणि सोमवारी सकाळी चहा वाफाळता असतानाच पिऊन टाकला. ती म्हणाली, “बाबा, मनातल्या मनात तरी करा की.” तर म्हणाले, “माणसाला देवापुढे न्यायचं आणि त्याचं नावच मोडून टाकायचं? नको गं, ठमे. तुझ्या आईचं नाव माझं मलाच ओळखू येईना.” मग हसल्यासारखं करून, “बसतो मूग गिळून. त्याला काही दात लागत नाहीत.”

तिला रडू आलं होतं. पण ती रडत बसणाऱ्यातली नव्हती, दुसऱ्या दिवशी जबड्याच्या मापाचा ट्रे घेऊन घरी गेली.

“ताई, आणता का? काका आलेत,” बाहेरून डॉक्टरीणबाईंची हाक आली. खुर्चीवर बाबा रुमाल तोंडाशी धरून बसले होते. कवळी बसली, हिरडीला अगदी घट्ट, आणि आरशात पाहून बाबांच्या भुवया वर गेल्या.

“हा कुणाचा जावई?” ते म्हणाले. म्हणजे म्हणायला गेले, शब्द नव्या दातांत अडखळले.

“काका, साठपासून मोजा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नव्या कवळीत ‘स’ नीट बसतो का, हे त्या असंच पाहत.

“साठ… एकसष्ट… बासष्ट…” प्रत्येक आकड्यामागे बारीक शिट्टी वाजत गेली. सहासष्टला तर दोनदा वाजली. बाबा थांबले. “बास. गल्लीतली कुत्री गोळा होतील,” म्हणाले, आणि आपणच कवळी काढून तिच्या तळहातावर ठेवली. डोळे हसत नव्हते.

“दात देखणे लावलेत ताई,” डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या, “पण काकांचे असे होते का?”

नव्हते. ती मागच्या खोलीत जाऊन स्पिरिटचा दिवा पेटवून बसली. अशी कशी मी गाढव! बाबांच्या समोरच्या दोन दातांत फट होती, चांगली ठसठशीत. मांडीवर बसून, डोळे मिटायचे सोडून, ती खालून त्या फटीकडेच तर पाहत असायची – प्रत्येक ‘स’ तिथूनच बाहेर यायचा. आयुष्यभर तिथूनच आला. आणि तिने ती बुजवली होती, कारण बुजवलेली चांगली दिसते, कारण रविवारी मंडळीत सगळ्यांनी पाहावं ठमीने बापाला कसं तोंड दिलंय… बाबांसाठी मागत होते की माझ्यासाठी?

सुरी तापली. मेण मऊ झालं. एक दात तिने जरासा सरकवला, मग दुसरा, आणि हात चालू असताना तोंडातून नावं येऊ लागली – आईचं, मग पोस्टमन, समोरचा मुलगा, न्हावी – बाबांच्या क्रमाने, एकही न गाळता, आणि तिला कळेना ती पाठ कधी झाली. शेवटी तिचं स्वतःचं नाव यायचं. तिथे बाबांचा आवाज खाली उतरायचा. “आणि ही ठमी. प्रभू, हिच्याबद्दल तुझे आभार.” झालं, आमेन! जगासाठी नोकऱ्या आणि गुडघे, आणि पोटच्या पोरीसाठी काही म्हणजे काही मागणं नाही! लहानपणी एकदा ती फुरंगटून आईकडे गेली होती. आई म्हणाली होती, “अगं वेडे, तुझ्यापाशी आले की त्यांचं मागणं संपतं.”

फट उघडली होती. तिच्यातून खिडकीचा उजेड येत होता. देवा, काय तोंड दिलं होतंस त्यांना! किती माणसं तुझ्यापर्यंत पोचली या एवढ्याशा फटीतून. तिला हसू आलं आणि डोळे भरले, दोन्ही एकदमच.

मेण थंड पाण्यात धरून ती बाहेर आली. बाबांनी फट पाहिली, तिच्याकडे पाहिलं, आणि तोंड उघडलं. कवळी बसली.

“पुन्हा साठपासून, काका.”

बाबांनी श्वास घेतला. ‘स’ येईल अशी तिला खात्री होती, हातावर विश्वास होता, तरी सवयीने तिने ते वाक्य शोधलं – लावच, करच – महिनाभर ओठावर असलेलं. ते सापडेना. तिथे बाबांचंच वाक्य होतं, खालच्या आवाजातलं, नुसत्या आभाराचं, आणि त्याच्यापुढे मागायला काही नव्हतं.