पाण्यावरचा शंकरपट

आकांक्षाच्या पत्राला मी उत्तर दिलं नव्हतं. ती माझ्या पुतण्याची, दर्यापूरच्या खुशालरावची मुलगी. गोव्यात बँकेत नोकरी करता करता विंडसर्फिंग शिकली, म्हणजे फळीवर उभं राहायचं, हातात शीड धरायचं आणि वाऱ्याने पळायचं. फोनवर मी नुसतं ‘हो, हो’ म्हणतो हे तिला ठाऊक आहे, म्हणून तिने लिहिलं होतं, ‘आबा, मोर्शीकडच्या धरणावर आमची स्पर्धा आहे. नोकरी सोडून हेच करावं म्हणते. बाबांना एकदा दाखवा आणि काय म्हणतात ते कळवा. मला ते नुसते ओरडतात.’

मी अकोल्याचा निवृत्त ग्रंथपाल. उत्तराची सुरुवात ‘प्रिय’ने करावी की ‘चिरंजीव’ने, यातच आषाढ उजाडला. खुशालरावला मात्र कसंबसं सांगितलं, “आकांक्षाचा पाण्यावरचा शंकरपट आहे म्हणे.”

बैलांच्या पटासाठी खुशालराव कुठेही जातो. पांढरा फेटा बांधून, पेढ्यांचा डबा घेऊन तो जीप घेऊन दारात हजर झाला.

धरणावर वारा असा की फेटा धरूनच उभं राहावं लागे. रंगीत शिडं इकडून तिकडे पळत होती. त्यातलं केशरी आकांक्षाचं. आमच्याकडच्या पटात जोडी एकटी सुटते, शर्यत घड्याळाशी. खुशालरावने मोबाइलवर घड्याळ लावलं. केशरी शीड पाण्यात तरंगणाऱ्या एका लाल पिंपापासून दुसऱ्यापर्यंत सपकन गेलं.

“काका, पायलं? एकाची टाप नाई तिच्यापुढं,” तो म्हणाला आणि शेजारच्या अनोळखी माणसाच्या तोंडात पेढा कोंबला.

मला शंका आली होती, पण माझ्या शंका बहुधा चुकीच्या असतात. आम्ही पाण्याकडे पाठ करून चहा घ्यायला बसलो. तिथे त्याने आयोजकांपैकी रागिणी नावाच्या मुलीलाही पेढा दिला.

“कशाचा, काका?”

“पोरीनं पट मारला. ते केशरी शीड तिचंच.”

“अहो, ती नुसती वारा बघत होती. रेस आता सुटली.”

खुशालराव माझ्याकडे वळला. “काका, तुमी एवढी पुस्तकं वाचली नं?”

आम्ही धावलो. आता सगळी शिडं एकदम पळत होती आणि केशरी तिसरं होतं. वळणावर ते आडवं झालं. आकांक्षा पाण्यात.

“झालं,” खुशालराव खाली बसला. “बैल पडला का जोडी घरी. चाला.”

पण शीड हललं. पाण्यातूनच तिने ते वाऱ्यात धरलं आणि वाऱ्यानेच तिला उचलून फळीवर उभं केलं. पुढे ती पुन्हा पडली, पुन्हा उठली. सातवी आली. तोवर खुशालरावचा फेटा सुटून गळ्यात आला होता, ते त्याला कळलंही नाही.

ती निथळत समोर आली. तिचे डोळे बापाच्या चेहऱ्यावर.

“जेवली काय?” खुशालरावने विचारलं आणि उरलेला डबा तिच्या हातात दिला.

मीही काहीतरी बोलायला हवं होतं. “वारा छान होता,” मी म्हणालो.

परतताना अमरावती मागे पडली. मग खुशालराव म्हणाला, “पडून उठणारी जोडी मी जिंदगीत पायली नाई. तिले म्हनाव, सोड नोकरी.”

“तूच सांग ना फोनवर.”

“मले नाई जमत. माहा आवाज चढते. तुमीच लिहा.”

मी लिहिलं. ‘प्रिय चिरंजीव’ असं दोन्ही घातलं. टपालपेटीत हात घातला आणि वाटलं, ‘सोड नोकरी’ याखाली एक ओळ सावधगिरीची हवी होती. हात तसाच राहिला. मागे राखीचं पाकीट घेऊन एक बाई उभी होती.

“भाऊ, टाकून राहिले का काढून राहिले?”

“टाकतोय,” मी म्हणालो, आणि पत्र सोडलं.